लॅपटॉप विकायच्या आधी तो नीट कोरा करा

आमच्या काकांचा जुना लॅपटॉप ऐरोलीच्या एका कॉलेजच्या मुलाला द्यायचं ठरलंय. काका ठाण्यात नौपाड्यात वर्षानुवर्षं लोकांची अकाउंट्सची कामं करतात, जीएसटी, रिटर्न्स, दोन-चार सोसायट्यांचे हिशोब, आणि ते सगळं त्याच मशीनवर. काकांचं म्हणणं, अरे सगळ्या फाइली डिलीट केल्यात, रिसायकल बिन पण रिकामी केली, घेऊन जा. मी म्हटलं काका, शनिवारपर्यंत थांबा, मला बसू दे त्याच्यावर.

कारण डिलीट म्हणजे जाणं नव्हे हो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं असतातच, हार्ड डिस्कचं तसंच आहे, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तिथेच पडून असतो आणि रिकुव्हासारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून कोणीही तो वर काढू शकतो. एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिलीट केलेली जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीमुळे, हे बरंच अवघड होतं पण काकांच्या मशीनमध्ये साधी फिरणारी डिस्क आहे.

आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट हमखास होते. दुकानात "फॉरमॅट मारून द्या" म्हटलं की पुष्कळदा फक्त सी ड्राइव्ह साफ होतो. डी आणि ई जसेच्या तसे! आपण सगळे फोटो, स्कॅन, कामाच्या फाइली डी मध्येच टाकतो ना. काकांच्या डी ड्राइव्हमध्ये क्लायंटच्या नावाचे फोल्डर होते, प्रत्येकात ई-आधारची पीडीएफ आणि शेजारी पॅनकार्डचा स्कॅन. आता ई-आधारचा पासवर्ड काय असतो तर नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. आणि पॅनकार्डवर नाव पण आहे, जन्मतारीख पण आहे. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच फोल्डरमध्ये, आणि तेही स्वतःचं नाही, विश्वासाने कागद देऊन गेलेल्या माणसांचं. हे बघून मला खरंच धास्ती वाटली.

यावर उपाय म्हणजे रीसेट, विंडोजमधूनच मशीन पहिल्यासारखं कोरं करणं. तर रीसेटच्या आधी काय काय करायचं. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसता कॉपी झाला यावर जाऊ नका. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर असेल तर लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून मोकळं करा, ते जुन्या मशीनवर अ‍ॅक्टिव्ह राहिलं आणि तुम्ही फॉरमॅट केलंत तर नव्या मशीनवर चालू करताना डोक्याला ताप. क्रोममधले पासवर्ड तुमच्या अकाउंटला सिंक झालेत का बघा. व्हॉट्सअ‍ॅपमधून फोनवरच लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन लॉगआउट करा. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते, जुनी मराठी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील तर ते फॉन्टसुद्धा बॅकअपमध्ये घ्या, नाहीतर नव्या मशीनवर ती फाइल उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. सोसायटीची जुनी इतिवृत्तं बहुतेक अशीच असतात.

मग रीसेट. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रीसेट धिस पीसी. विंडोज १० मध्ये हेच अपडेट अँड सिक्युरिटीच्या खाली. रिमूव्ह एव्हरीथिंग निवडायचं, पण तिथे घाईत नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, चेंज सेटिंग्ज उघडा. त्यात क्लीन डेटा चालू करा, म्हणजे फाइली नुसत्या डिलीट न होता नीट पुसल्या जातात, आणि सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइली काढायच्या का विचारतं तिथेही हो म्हणा, खरा फरक या दोन बटणांनीच पडतो. साध्या डिस्कवर याला तासन्‌तास लागतात, चार्जर लावून ठेवा, आणि ठाण्यात आमच्यासारखी अधूनमधून लाइट जात असेल तर बॅटरी धड आहे का ते आधी बघा.

झालं की देश निवडा असा पहिला पडदा येतो. तिथेच बंद करायचं. आपण 'यूजर' नावाचं अकाउंट बनवून १२३४ पासवर्ड ठेवून देऊ नये, घेणाऱ्याने स्वतःच्या नावाने सुरू करावं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पेजवर जाऊन डिव्हाइसेसच्या यादीतून हे मशीन काढून टाका. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगला, पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढा, रीसेटने तो जात नाही.

विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, शोधत बसायची गरज नाही, विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच साठवलेली असते, नेट लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. काकांना एका दुकानदाराने सांगितलं होतं की विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो, भाव चांगला येईल. म्हणजे क्रॅक, लायसन्स न घेता चोरून चालवलेलं. मला हे अजिबात पटत नाही. त्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून काय आत शिरेल कोणाला माहीत, आणि भोगणार कोण तर तो कॉलेजचा पोरगा, ज्याच्या घरच्यांनी पैसे जमवून मशीन घेतलंय. त्याला लिहायला लिब्रेऑफिस पुरतं, ते फुकट आहे आणि सरळ मार्गाने मिळतं.

आता राहिला भाव. काकांचा प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा, विंडोज ११ ला साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे यावर ते रीतसर बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मुलाला आणि त्याच्या बाबांना फोनवर आधीच सांगितलं, हवं तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकून देईन म्हटलं, आणि काकांना किंमत थोडी उतरवायला लावली. काका कुरकुरले, पण तयार झाले. मुलाला मिंट चालणार आहे, त्याला कोडिंगच शिकायचंय म्हणे, तर रविवारी तो घरी आला की त्याच्यासमोरच टाकून देते, म्हणजे पासवर्ड त्याचा तोच ठेवेल.