तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्यासारख्या साध्या माणसाचा देवाला काय उपयोग?

शब्द दर वेळी वेगळे असतात, प्रश्न मात्र एकच. मला चारचौघांत बोलता येत नाही, शिक्षण बेताचं, घराण्याला नाव नाही. देव माझ्याकडून असं काय करून घेणार? विचारणारे बहुधा मनापासून विश्वास ठेवणारे असतात, म्हणून वरवरचा धीर देऊन त्यांची बोळवण करणं मला पटत नाही. 'असं कसं, तुमच्यातही पुष्कळ गुण आहेत' हे उत्तर सोपं आहे, कदाचित खरंही असेल. पण पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देव हे उत्तर देताना दिसत नाही.

इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवायला देवाने पाठवलं तेव्हा मोशे म्हणाला, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, जाणारा मी कोण? देवाने त्याला राजवाड्यात झालेल्या शिक्षणाची आठवण करून दिली नाही. मिद्यानी शत्रूंपासून इस्राएलाला सोडव असं सांगितल्यावर गिदोन म्हणाला, मनश्शेच्या वंशात माझं कूळ सर्वांत दुबळं आणि घरात मी सर्वांत धाकटा. संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, व्हायला बोलावल्यावर यिर्मया म्हणाला, मी लहान आहे, मला बोलता येत नाही. तिघांना मिळालेलं उत्तर एकच: मी तुझ्याबरोबर आहे. गिदोनाला देवदूताने 'बलवान वीरा' अशी हाक मारली खरी, पण तिच्याही आधी 'परमेश्वर तुझ्याबरोबर आहे' हे आलंच. तुमच्या प्रश्नात 'मी' मध्यभागी आहे, आणि देव उत्तर देताना तो मध्यच हलवतो.

पुढे गिदोनाच्या सैन्याचं काय झालं, तेही याच धाग्यातलं. 32,000 माणसं जमली होती. भ्यालेले परत जा म्हटल्यावर 22,000 निघून गेले. उरलेले 10,000 सुद्धा देवाला जास्त वाटले आणि शेवटी 300 राहिले, हातात रणशिंगं, रिकामे घडे आणि मशाली घेऊन. कारणही तिथेच दिलं आहे: आपल्याच हाताने आपण वाचलो, अशी बढाई इस्राएलाने मारू नये. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हेच लिहिलं. तुमच्याकडे पाहा, तुमच्यात ज्ञानी, सत्ताधारी, कुलीन फार नव्हते. देवासमोर कुणी बढाई मारू नये म्हणून त्याने दुबळ्यांना निवडलं.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती नामानाच्या, म्हणजे शेजारच्या अराम राज्याच्या सेनापतीच्या, घरातली मुलगी. अरामी टोळ्यांनी तिला इस्राएलातून धरून नेलं होतं आणि ती त्याच्या बायकोची दासी झाली होती. तिचं नावही नोंदलेलं नाही. नामानाला कोड होतं. ती मालकिणीला एवढंच म्हणाली, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. तिला गुलाम करणाऱ्या घराचंच भलं तिने चिंतलं, हे मला त्या गोष्टीतलं पहिलं आश्चर्य वाटतं. मग मोठी माणसं कामाला लागली. अरामाच्या राजाने पत्र दिलं, दहा किक्कार चांदी आणि सहा हजार शेकेल सोनं (ही तेव्हाची वजनं) निघालं, आणि हे सगळं संदेष्ट्याऐवजी इस्राएलाच्या राजाच्या दारी पोचलं. तो राजा घाबरून कपडे फाडत बसला. त्या संदेष्ट्याने, अलीशाने, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं तर सेनापतीला राग आला, आणि त्याला समजावलं तेही त्याच्या चाकरांनीच. संपूर्ण प्रसंगात राजे गोंधळलेले आहेत. कुठे जायचं, काय करायचं हे दासीला आणि चाकरांना ठाऊक आहे. मुलीने मोठं काय केलं? जे खरं माहीत होतं ते, जिथे होती तिथून, एका वाक्यात सांगितलं.

एक सावधगिरी मात्र हवी, कारण पुष्कळ भल्या माणसांचा इथे पाय घसरतो. भिडस्तपणा म्हणजे नम्रता नव्हे. इस्राएलाचा पहिला राजा म्हणून निवड जाहीर होताना शौल सामानसुमानात लपून बसला होता. पुढे याच माणसाने स्वतःचं स्मारक उभारलं आणि देवाचा शब्द मोडूनही लोकांसमोर आपला मान राहावा म्हणून शमुवेल संदेष्ट्याची विनवणी केली. लपताना आणि मिरवताना, दोन्ही वेळा त्याची नजर स्वतःवरच होती. याउलट योहानाच्या शुभवर्तमानात पाहा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला पक्कं ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असतानाच तो भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ज्याला काही सिद्ध करायचं उरलेलं नाही तोच असा खाली वाकू शकतो. ख्रिस्ती नम्रता मी इथूनच शिकतो.

आणि साधेपणाच्या नावाखाली आळसाला थारा देऊ नका. पौल गमलिएल या नामांकित यहूदी गुरूच्या पायाशी शिकलेला, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य. भारतात आलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी मुळात चांभारकाम करणारा माणूस, पण भाषा शिकण्यात त्याने आयुष्य झिजवलं; त्याचं मराठी व्याकरण 1805 साली छापलं गेलं. देवाला विद्येचं वावडं नाही, विद्येच्या ताठ्याचं आहे.

राहिला तुमच्या प्रश्नातला 'उपयोग' हा भाग. येशूने पाठवलेले शिष्य एकदा मोठ्या आनंदाने परतले: तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हाला वश होतात! त्यांचा उपयोग डोळ्यांना दिसण्याइतका झाला होता. तरी येशू म्हणाला, याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. म्हणून पुढच्या वेळी भेटाल तेव्हा आपण उपयोगाबद्दल नंतर बोलू. आधी मी तुम्हाला विचारीन की हा आनंद तुम्हाला आहे का.