मधल्या बांधावरचा साग

आमचं घर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या रस्त्यापासून आत. इंटरनेटचं फायबर आमच्या ओटीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. काकांचं घर भाताच्या खाचरांपलीकडे, ३०० मीटरवर. त्यांची नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलला रेंज फक्त बांधावर, म्हणून पोरगी छत्री धरून तिथे लेक्चर ऐकायची. मला ते बघवत नव्हतं.

मे महिन्यात टीपी-लिंकचे दोन सीपीई ५१० आणले, म्हणजे घराबाहेर समोरासमोर लावून रेडिओलहरींवरून इंटरनेट पलीकडे नेणारे अँटेना. एक आमच्या गच्चीवर, एक काकांच्या पडवीच्या कोपऱ्यावर, जीआय पाइपला क्लॅम्पने आवळून. इथला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे इंटरनेट देणारा; तिथला क्लायंट, म्हणजे घेणारा. ते ज्यावर चालतात त्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याला २०१८ पासून ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवाना लागत नाही. वीज लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) वायरीतूनच वर जाते, २४ व्होल्ट. काकांकडच्या जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या फोन-संगणकांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणं, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता (आयपी) बदलला आणि वायर बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या वॅन पोर्टाऐवजी लॅन पोर्टात घातली. नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात. सिग्नल उणे ५२ डीबीएम; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. नात फोनवर ओरडली, “आत्या, आलं!”

जुलैत सिग्नल उणे ७४ वर गेला. व्हिडिओ अडकायला लागला. मी वायर बदलली, जोडावर रबर टेप गुंडाळली, चॅनल बदलून पाहिले. दोन आठवडे त्यात गेले. मग एका सकाळी गच्चीवर उभी राहून सरळ काकांच्या घराकडे पाहिलं, तर पडवीच दिसेना. मधल्या बांधावर साग आहे. मे महिन्यात तो नुसत्या काड्यांचा असतो. पावसाबरोबर त्याला सुपाएवढी पानं फुटली होती, वरून ओली. पाणी या लहरी शोषून घेतं. शिवाय त्यांना नुसती सुतासारखी रेघ पुरत नाही. एवढ्या अंतरात मध्यावर रेघेभोवती चारी बाजूंनी जवळजवळ २ मीटर मोकळीक लागते. उन्हाळ्यात मला फांद्यांमधून पलीकडचं दिसत होतं आणि मी तेवढ्यावर विसंबले.

चुलतभाऊ म्हणाला, दोन फांद्या उतरवू. काकांनी नकारार्थी मान हलवली. साग त्यांनी स्वतः लावलेला, आणि मलाही फांदी तोडायची नव्हती. त्यांनीच गोठ्याकडे बोट दाखवलं. गोठा घरापासून पंधरा पावलं डावीकडे. तिथून रेघ सागाला टाळून जाते. भर चिखलात पाइप तिथे हलवला, भावाने पाना धरला, मी फोनवर आकडे वाचत राहिले. बोटभर फिरवलं की आकडा बदलायचा. उणे ५५ वर थांबलो.

गोठ्यातल्या पाइपला अर्थिंग द्यायचं राहिलंय. परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार, त्याआधी मुरबाडहून तांब्याची वायर आणणार आहे. तोवर आभाळ गडगडलं की नात प्लग काढून ठेवते.