तडकलेले स्फटिक

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेआठच्या सुमारास धुळ्याच्या एका खासगी तपासणी केंद्रातून तंत्रज्ञाचा फोन आला, "सर, फ्लडमध्ये रेघ आली आहे." रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचण्यापूर्वी, त्या औषधाचे शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यावर सर्वत्र सारखे किरण सोडून घेतलेली ही रोजची प्रतिमा एकसारखी करडी दिसायला हवी. रेघ म्हटल्यावर पोटात गोळा आला आणि जळगावहून पारोळ्यामार्गे जाताना सर्किटचा दोष असावा अशी मी मनाची समजूत घालत राहिलो.

पडद्यावर उजव्या कडेपासून आत गेलेली, मध्ये काळी आणि दोन्ही कडांना उजळ अशी वाकडी रेघ स्पष्ट दिसत होती. गॅमा कॅमेऱ्याच्या पोटात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचे, जेमतेम साडेनऊ मिलिमीटर जाडीचे एकसंध स्फटिक असते. औषधातल्या टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक किरण त्यात शोषला गेला की निळसर प्रकाशाचे सुमारे पाच हजार फोटॉन बाहेर पडतात आणि मागच्या प्रकाशगुणक नळ्यांना कमीअधिक मिळालेल्या उजेडावरून किरण नेमका कुठे पडला ते ठरते. तड गेली की तिच्या भिंतीवरून उजेड परततो, हिशेब चुकतो आणि तडेवरच्या नोंदी आजूबाजूला जमा होतात. काळ्या रेघेला उजळ कडा येतात त्या यामुळेच. (आत दमट हवा शिरली असती, तर गोवर उठल्यासारखे ठिपके दिसले असते.)

चौकशीत कळले की रात्री वीज गेली होती. कॅमेरा आणि संगणक जनित्रावर होते, एसी मात्र कशावरच नव्हता. खोली ३६ अंशांवर गेली. पहाटे वीज आल्यावर रात्रपाळीच्या आप्पांनी काळजीपोटी धावाधाव केली होती.

"दादा, मशीन तपी गयं व्हतं, म्हनीसन मी एसी सोळावर करी दिन्हा," ते म्हणाले.

हे स्फटिक उष्णता हळू वाहते आणि तापमानाबरोबर ॲल्युमिनियमच्या दुपटीने आकसते. कडा गार होऊन ओढल्या जातात, मधला भाग गरमच राहतो आणि मग ते तडकते. तापमानातला फरक तासाला तीनेक अंशांच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे ३६ वरून २४ वर यायला चार तास लागायला हवेत. तडकलेले स्फटिक सांधता येत नाही, पूर्ण बदलावेच लागते. शिरपूरहून आलेल्या आजोबांचा हाडांचा स्कॅन त्या दिवशी झाला नाही. फ्लड आधी घेतल्यामुळे त्यांना निष्कारण टोचले गेले नाही, एवढेच समाधान.

मी हे सांगत असताना आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कंदीलनी काचवर पानी पडनं का ती तडकस, तसंच ना?"

मी मान हलवली. व्यवस्थापकांनी माझ्या हाती अहवालाचा कागद देताना "कर्मचाऱ्याची चूक" असे सुचवले होते. कारणाच्या रकान्यात मी लिहिले : एसी जनित्राला जोडलेला नाही.