कोटाला धडकलेला रोबोट

न्यू जर्सीत आमच्या गावच्या मिडल स्कूलमध्ये दर मंगळवारी शाळा सुटल्यावर मी रोबोटिक्स क्लब घेते. सहावी ते आठवीची दहा मुलं आहेत. तयारी असते 'फर्स्ट लेगो लीग'ची; डीन केमन यांनी १९८९ साली सुरू केलेल्या 'फर्स्ट' संस्थेची ही स्पर्धा. अडीच मिनिटांत रोबोटने आपली आपण कामं उरकायची, रिमोट चालत नाही.

भागांची नावं पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. पहिल्या दिवशी एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधते आणि दुसऱ्याला हुकूम सोडायला लावते: तीन पावलं पुढे, डावीकडे वळ. तो बाकाला अडखळला की मुलंच म्हणतात, "याला डोळे हवेत!" तिथून सेन्सर सुरू होतात. मग मेंदू म्हणजे कंट्रोलर, स्नायू म्हणजे मोटर, पोटात बॅटरी.

गिअरला मात्र पूर्ण तास देते. १२ दात्यांचं चाक ३६ दात्यांच्या चाकाला फिरवतं तेव्हा वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळपास तिप्पट. हे सांगायच्या आधी मुलांनी फिरता आस चिमटीत धरून बघायचा, गिअरशिवाय आणि गिअर लावून. बोटांना कळलं की आकडे समजावावे लागत नाहीत. मला तेव्हा हटकून खंबाटकी घाट चढणारी एसटी आठवते. वेग उतरायचा, आवाज वाढायचा, पण गाडी चढायची.

गेल्या जानेवारीत रोबोट भिंतीपुढे बरोबर थांबत होता, खोक्यापुढेही. सातवीतली एक मुलगी जाड लोकरी कोट घालून समोर बसली आणि तो थेट तिच्यावर जाऊन आदळला. अर्धा तास सगळे प्रोग्रॅममधली चूक शोधत होते. शेवटी तिने कोट काढून खोक्यावर टाकला. धडकला. कोट उचलला. थांबला.

अंतर मोजणारा तो सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते मोजतो. कडक भिंत आवाज परत पाठवते, लोकर बराचसा पिऊन टाकते. हे ऐकल्यावर ती फळ्यापाशी गेली. सेन्सरच्या दोन गोलांखाली मी लिहिलेलं 'डोळे' तिने पुसलं आणि एकाखाली 'तोंड', दुसऱ्याखाली 'कान' लिहिलं.