दोन रात्री, एकच मुक्काम

कॅम्पर व्हॅन दाराशी असली की रोज नवा मुक्काम करायचा मोह होतो. पण शनिवार-रविवार हाताशी असताना आणि मुलं बरोबर असताना दोन-अडीच तासांच्या अंतरावर जावं आणि दोन्ही रात्री एकाच जागी काढाव्यात, या मताची मी आहे. गेल्या शनिवार-रविवारच्या तळ्याकाठच्या सहलीनंतर तर हे मत आणखी पक्कं झालं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोचलो. व्हॅन उभी करताना उजेड हवाच. जमीन मऊ आहे का, वर वाळलेली फांदी लोंबत नाही ना, हे अंधारात कळत नाही. थोरल्याने ओट्यावर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत "अजून थोडं पुढे, बाबा!" असं ओरडत राहिला. उताराकडच्या चाकांखाली रॅम्प, मग हँडब्रेक, मग चाकांना अडणी. एवढं झालं की छत वर करायचं. पोरांची झोपायची जागा तिथे वर असते, आणि त्यावरून भांडण ठरलेलं.

आमची पाण्याची टाकी ६० लिटरची आहे. म्हणजे भरली की गाडीत ६० किलोंची भर, म्हणून जिथे पोचल्यावर पाणी मिळतं तिथे आम्ही ती अर्धीच भरून निघतो. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर खराब होते, त्यामुळे खरा साठा ५०चाच. धाकटी हल्ली दिवा लावण्याआधी बॅटरीचा आकडा बघते. घरी कितीही सांगितलं तरी जे होत नाही, ते इथे आपोआप होतं.

शनिवारी पहाटे तिनेच हाक मारली. काठाच्या लव्हाळ्यावर चतुराची अळी पाण्यातून वर चढून चिकटून बसली होती. पाठ उकलली, आतून फिकट, ओलसर चतुर बाहेर आला. पंख चुरगळलेल्या कागदासारखे. मग ते हळूहळू भरत गेले, ताठ झाले, चकाकायला लागले. आम्ही चौघं गवतात पालथे पडून बघत होतो. तासाभराहून जास्त वेळ गेला असेल, कुणीही "चला" म्हटलं नाही. सकाळीच पुढे निघायचं असतं तर आम्ही त्या वेळी बिछाने गुंडाळत बसलो असतो.

दुपारी पोहणं, झाडीतली भटकंती, एक लांब डुलकी. रात्री सगळे दिवे घालवून बाहेर बसलो. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा धीर मुलांनी धरला आणि आकाशगंगेचा पट्टा दिसला. कुणाला काही शोधायचं असेल तर लाल दिव्याची बॅटरी, कारण पांढऱ्या उजेडाने सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यासारखे होतात.

थंडी वाढली तेव्हा "शेगडी पेटवून ठेवूया का?" असं थोरल्याने विचारलं. याला माझ्याकडून कायम नाही. बंद गाडीत शेगडीवर ऊब घेणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत ते घात करतं. त्याचा अलार्म आमच्याकडे आहे, तरीही छताची झडप थोडी उघडी ठेवूनच झोपतो. तेवढ्या फटीमुळे चौघांच्या श्वासाची वाफही बाहेर जाते आणि सकाळी काचांवरून पाणी ओघळत नाही. जाड पांघरुणं जास्तीची घ्यावीत, त्यांना वजन फारसं नसतं.

रविवारी पहाटे मुलं न उठवता काठावर पोचली होती. लव्हाळ्यावर आणखी तीन रिकाम्या काती सापडल्या. चतुराच्या अळ्या पाण्यात महिनोन्‌महिने, काही जातींच्या तर वर्षानुवर्षं राहतात, हे मी सांगितल्यावर धाकटीने निघताना सांडपाण्याच्या टाकीची तोटी स्वतः तपासली. ते साबणाचं पाणी परतीच्या वाटेवरच्या ठरलेल्या जागी रिकामं केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच तळ्यावर जायचंय.