भोक पाडायला पाच मिनिटं, सहीला २६ दिवस

डोंबिवलीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये फायबरचं इंटरनेट आणायला मला २७ दिवस लागले. प्रत्यक्ष काम दीड तासाचं. बाकी सगळे दिवस सोसायटीच्या एका ना हरकत पत्रापायी गेले. ती फाइल दिसली तरी अजून माझं डोकं फिरतं.

ऑनलाइन अर्ज केल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून हजर. वॉचमनने गेटवरच अडवलं, "कमिटीचं पत्र?"

बिल्डिंगला नुकताच रंग दिलेला, त्यामुळे गच्चीवरून वायर लोंबकळत सोडायला बंदी. मलाही ते पटत होतं. मग जिन्यालगतच्या डक्टमधून, म्हणजे वायरी-पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतून, न्या म्हटलं. सेक्रेटरीकाका म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवू." पहिल्या रविवारी कोरमच भरला नाही. पुढच्या रविवारी भरला, तर पाण्याच्या टाकीच्या गळतीवर दोन तास गेले. मी दारातूनच "काका, माझा अर्ज?" म्हणाले, तेव्हा उत्तर आलं, हमीपत्र आणा, स्टॅम्प पेपरवर. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचे दिवस संपले, आता ५०० मोजा. भिंतीला अंगठ्याएवढं भोक, त्याला पाचशेचा कागद!

तो दिला, तर कमिटीतल्या एका काकांना शंका. "वायरीतून वीज उतरली तर?" मी तावातावाने सांगितलं की ही काच आहे, हिच्यातून प्रकाश जातो, करंट नाही. नंतर कळलं, काका अगदीच चुकले नव्हते. खांबावरून ताणायच्या वायरीत आधाराला बऱ्याचदा स्टीलची तार असते. टेक्निशियनला विचारलं तर म्हणाला, "फायबरग्लासच्या काडीची पण येते की, आधी बोलायचं ना मॅडम." वायर स्टीलची तार नसलेली, फायबरग्लासच्या काडीची असेल, एवढं एक वाक्य अर्जात वाढवलं आणि चार दिवसांत सही झाली. तुम्ही पहिल्याच अर्जात लिहा.

डक्ट उघडलं, तर आतला पाइप जुन्या लँडलाइनच्या आणि केबल टीव्हीच्या वायरींनी गच्च. कुठली चालू, कुठली मेलेली, कुणालाच माहीत नाही, म्हणून कापायलाही कुणी धजेना. शेवटी स्प्रिंग सरकवून, साबणाचं पाणी लावून वायर ओढली. माझं ऐका, डक्टची किल्ली आधीच मिळवून आत डोकावून बघा.

भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला लावा आणि बाहेर वायरीला खाली झोळ ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून थेट भिंतीत येतं. आमचं भोक सरळ पाडलंय, आता दर पावसाळ्यात सिलिकॉन भरत बसणार. वायर कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. आणि माणूस जायच्या आधी पॉवर मीटरचा आकडा मागा, म्हणजे वायरीतून येणारा प्रकाश किती जोरात पोचतोय ते कळतं. आमचा उणे २१ डीबीएम (प्रकाशाच्या जोराचं माप) आला. उणे २७ च्या आसपास गेला की नेट तुटायला लागतं. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीच्या वेळी बरा पडतो.

हे राहिलंच. काम झालं त्या दिवशी गेटवर नवा वॉचमन होता. मी पत्र हातात घेऊन खाली धावले, तोवर टेक्निशियन तिसऱ्या मजल्यावर पोचलासुद्धा होता.