दलदल बघायला गेलो होतो

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी बसमध्ये होतो, कुठे निघालास विचारलं तर म्हटलं दलदल बघायला, तर ती दोन सेकंद गप्पच, मग म्हणाली, "तिकडे बघायला दुसरं काही नाही का रे?" तिचंही बरोबर आहे. आपल्याला फिरायला जायचं म्हणजे पॉइंट लागतात, तिथे कणीस खायचं, फोटो काढायचा, की चला पुढच्या पॉइंटला. इथे जर्मनीत ब्रेमेन शहराच्या ईशान्येला टॉयफेल्समोर नावाचा जो ओला, काळपट, सपाट पट्टा आहे त्यात एकही पॉइंट नाही. मधोमध वायरबर्ग नावाचा 'डोंगर' आहे, उंची जेमतेम 54 मीटर. आमच्या साताऱ्याकडे याला कुणी टेकाडसुद्धा म्हणणार नाही.

तर या वायरबर्गच्या पायथ्याच्या वोर्प्सवेडे गावात 1889 च्या उन्हाळ्यात विशीतली तीन पोरं चित्रं काढायला आली. फ्रिट्झ माकेनझेन, हान्स आम एंडे आणि ओटो मोडरझोन. माकेनझेनला या गावाचा पत्ता लागला तो आधी एकदा गावातल्या दुकानदाराच्या मुलीने घरी राहायला बोलावलं म्हणून. सुट्टी संपत आली तसं यांना वाटायला लागलं की परत जाऊन करायचं काय, चित्रकलेच्या अकॅडमीत प्लास्टरचे पुतळेच गिरवायचे ना? राहिले मग तिथेच. मला यातला मोडरझोन आवडतो, कारण बाकीचे माणसं, घरं, काय काय काढतात आणि हा बाबा आपला आभाळ, बर्चची झाडं आणि पाण्याचे चर यातच रमलेला.

पण ती जागा चित्रातल्यासारखी गोड अजिबात नव्हती. दलदलीतला हजारो वर्षं कुजत पडलेला पालापाचोळा म्हणजे पीट, तो विटांसारखा कापायचा, वाळवायला गोवऱ्यांच्या हुडव्यासारखा रचून ठेवायचा आणि होड्यांत भरून ब्रेमेनला जळण म्हणून विकायचा, हाच तिथल्या लोकांचा धंदा. अठराव्या शतकात सरकारने तिथे वसाहती केल्या तेव्हाची म्हण आहे, पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. तिसऱ्या पिढीपर्यंत थांबायचं! त्या होड्यांना तपकिरी शिडं असायची, चर इतके अरुंद की लांबून बघणाऱ्याला पाणी दिसायचंच नाही, नुसतं एक चहाच्या रंगाचं शीड शेतातून चालत जाताना दिसायचं. चित्रकाराला अजून काय पाहिजे.

1895 साली आधी ब्रेमेनला आणि मग म्युनिकला यांची चित्रं लागली. ब्रेमेनच्या लोकांनी टिंगल केली आणि म्युनिकला मात्र माकेनझेनला सुवर्णपदक, मोडरझोनचं दलदलीतल्या वादळाचं चित्र तर तिथल्या सरकारी संग्रहालयानेच विकत घेतलं. गावच्या माणसाला गावात भाव नाही, हे सगळीकडे सारखंच.

मला मात्र मोडरझोनच्या मोठ्या कॅनव्हासपेक्षा त्याची ती संध्याकाळची छोटी चित्रं जास्त भावतात. दिवसभर बाहेर हिंडून आला की हा रात्री दिव्यापाशी बसून, समोर काही नसताना, आठवणीतून हाताएवढ्या कागदावर खडूने काढत बसायचा, एखादी वाट, एखादी झोपडी, तिच्यावर ओथंबलेलं आभाळ. आपण झोपायच्या आधी रील्स बघतो तशा याच्या त्या रील्स, फक्त स्वतः बघून आलेल्या.

आज त्याचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, हां, पाउलाचा नवरा. पहिली बायको 1900 मध्ये गेली, पदरात लहान मुलगी, आणि पुढच्या वर्षी त्याने पाउला बेकरशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आणि चित्रकलेत कितीतरी पुढची. त्याला ते कळत होतं आणि झेपत नव्हतं, दोन्ही एकदम. डायरीत एकीकडे तिचं तोंडभर कौतुक आणि दुसरीकडे हिच्या चित्रातले हात काय तर चमच्यासारखे, अशी कुरकुर. 1906 मध्ये ती त्याला सोडून पॅरिसला गेली तरी हा पैसे पाठवत राहिला आणि शरद ऋतूत स्वतःच तिथे जाऊन राहिला. पुढच्या वर्षी दोघं परत आले, नोव्हेंबर 1907 मध्ये मुलगी झाली आणि अठराव्या दिवशी पाउला गेली. वय 31. जिवंतपणी तिची हातावर मोजण्याइतकी चित्रं विकली गेली होती आणि वीस वर्षांनी ब्रेमेनमध्ये एकट्या तिच्या चित्रांसाठी म्युझियम उघडलं, एका बाईच्या कामाला वाहिलेलं जगातलं पहिलं.

तो मग वोर्प्सवेडे सोडून जवळच्याच फिशरहुडेला गेला, तिसरं लग्न केलं, म्हणजे गाव बदललं पण चिखल तोच. तिथे व्युमे नदीला फाटे फुटून गावभर पाणी पसरलंय, ते काढत बसला. 1936 मध्ये एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी थांबला नाही, 1943 मध्ये गेला तोवर ब्रश चालूच. बोर झालं नसेल का? मला तिसऱ्या चरापाशीच झालं होतं, खरं सांगतो. चौथ्यापाशी ऊन गेलं आणि तेच पाणी एकदम काळं काळं, शाईसारखं झालं, त्यात बर्चचे पांढरे बुंधे उलटे, मग मी थांबलो.

संध्याकाळी आईला त्याच्या एका चित्राच्या पोस्टकार्डाचा फोटो पाठवला, खाली झोपडी, वर नुसते ढगच ढग. लगेच रिप्लाय आला.

"आभाळ भरून आलंय तिकडे. छत्री नेली होतीस ना?"